बॅबलर म्हणजे बडबड्या?

बालमित्रांनो, इंग्रजी शब्दकोशात 'बॅबलर' हा शब्द शोधा बरं. दोन अर्थ सापडतील. पहिला, बडबड करणारा माणूस, म्हणजे बडबड्या. आणि दुसरा, एक पक्षी. हा पक्षी तुम्ही पाहिलेला आहे, अगदी शंभर टक्के पाहिलेला आहे. फक्त त्याचं इंग्रजी नाव तुम्हांला ठाऊक नसेल. आपण त्याला म्हणतो सातभाई!

आमच्या केडगावात स्टेशनकडून चौफुल्याकडे निघालं की रस्त्याकडेच्या बाभळींखाली, बोरीच्या जाळीत, उसाच्या बांधावर ही मंडळी हमखास भेटतात. मातकट करडा रंग, लांब शेपूट, पिवळे डोळे. त्या डोळ्यांमुळे सारखे रागावल्यासारखे दिसतात बिचारे. एकटा सातभाई सहसा दिसायचा नाही. एक खाली उतरला की मागोमाग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. पालापाचोळा उलटापालटा करत किडे शोधायचे, आणि तोंडाचा पट्टा चालूच. 'के-के-के-के' असा एकच कालवा! एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनी सूर मिळवलाच म्हणून समजा. परीक्षेच्या दिवसांत वर्गाच्या खिडकीबाहेर यांची सभा भरली की मला खिडकी लावून घ्यावी लागते.

आता नावाची गंमत बघा. आपण म्हणतो सातभाई. इंग्रज लोक भारतात आले, त्यांनीही हा घोळका पाहिला आणि त्याला नाव दिलं 'सेव्हन सिस्टर्स', म्हणजे सात बहिणी! पक्षी तेच, कालवा तोच, पण आपल्याला दिसले भाऊ आणि साहेबाला दिसल्या बहिणी. आमच्या चौथीच्या मुलींनी याचं कारण लगेच सांगितलं. "बाई, त्यांच्याकडे पण बायकांनाच बडबड्या म्हणत असतील." मुलांना ते काही पटलं नाही. वाद बराच वेळ चालला, आणि त्या वादाचा आवाज खिडकीबाहेरच्या सभेपेक्षा कमी नव्हता. खरं म्हणजे नर आणि मादी दिसायला सारखेच असल्याने घोळक्यात भाऊ किती आणि बहिणी किती, हे नुसतं बघून कुणालाच सांगता यायचं नाही. आणि सात हा आकडाही काही खरा नाही. कधी पाच असतात, कधी दहा, कधी त्याहून जास्त. मोजून बघा.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर जो सातभाई जास्त दिसतो, त्याला पक्षीशास्त्रात 'लार्ज ग्रे बॅबलर' म्हणतात. उडताना त्याच्या शेपटीच्या दोन्ही कडांची पांढरी पिसं स्पष्ट दिसतात, ही त्याची खूण. या पक्ष्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा केली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. मुंबई सरकारने साइक्सना दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं होतं. गावं किती, माणसं किती, पिकं कुठली, पाऊस किती पडतो, असली सगळी माहिती. ते करता करता साहेब पक्षीही टिपत गेले. १८३२ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची मोठी यादी छापली आणि आपल्या या सातभाईला शास्त्रीय नाव दिलं 'माल्कमी'. कुणावरून? तर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून! हे १८२७ ते १८३० या काळात गव्हर्नर होते. महाबळेश्वरला माल्कम पेठ आहे ना, तेच हे माल्कम. दिवसभर कलकल करणाऱ्या पक्ष्याला आपलं नाव मिळाल्याचं गव्हर्नरसाहेबांना कसं वाटलं असेल, देव जाणे. पण पेठेपेक्षा हे नाव लांब पोचलं. आज जगात कुठेही या पक्ष्याचं शास्त्रीय नाव लिहिलं, की त्यात माल्कमी असतंच.

हे झालं पक्ष्याचं. आता शब्दाकडे येऊ.

'बॅबलर' आला 'बॅबल' या क्रियापदावरून. बॅबल म्हणजे बडबडणे, अर्थ न लागणारं काहीतरी बोलत सुटणे. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकापासून सापडतो, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या शतकापासून. इतका जुना! शेजारच्या भाषांतही त्याची भावंडं आहेत. जर्मनमध्ये 'बाबेल्न', डच भाषेत 'बाबेलन', फ्रेंचमध्ये 'बाबिये'. या सगळ्यांचं मूळ कुठल्याही पंडिताच्या पोथीत नाही, ते पाळण्यात आहे. सहा-सात महिन्यांचं बाळ ओठ मिटतं-उघडतं आणि 'बाबाबाबा' करायला लागतं. घरात लगेच आनंदीआनंद, "बघा बघा, 'बाबा' म्हणाला!" आई म्हणते, "नाही, आधी 'मामा' म्हणालाय." खरं तर त्याला बाबाही म्हणायचं नसतं आणि मामाही. ते नुसतं ओठ चालवून बघत असतं. त्या 'बा-बा' आवाजावरून बॅबल तयार झाला असं भाषेचे अभ्यासक मानतात. आपलं 'बडबड' म्हणून बघा, 'बोबडा' म्हणून बघा. ओठ तसेच मिटतात की नाही?

एकदा शब्द तयार झाला की माणसं तो कुठेकुठे वापरतात, याला सुमार नाही. दगडगोट्यांतून खळखळणारा ओढा इंग्रजीत बॅबल करतो. शिकारीचा कुत्रा वास लागलेला नसताना उगीच भुंकून सगळ्यांना धावायला लावत असेल, तर शिकारी लोक त्याला बॅबलर म्हणतात. पोटात गुपित न ठेवणारा माणूस बॅबलर. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज पक्षीनिरीक्षकांनी सातभाईच्या कुळाला ते नाव लावलं. डॉक्टर जर्डन यांनी १८६२ ते १८६४ या काळात भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ छापला, त्यात हे सगळे बॅबलर म्हणूनच आलेले आहेत.

इथे एक चकवा आहे, तो सांगायलाच हवा. पुष्कळ लोकांना वाटतं की बॅबल हा शब्द 'बाबेल' या नावावरून आला. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट बायबलमध्ये आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांची भाषा एकच होती, त्यांनी आभाळाला टेकेल असा बुरूज बांधायला घेतला, मग देवाने त्यांच्या भाषेचा असा घोटाळा केला की वीट मागितली तर कुणाला कळेना! बांधकाम थांबलं आणि माणसं जगभर पांगली. गोष्ट अशी चपखल बसते की बॅबल तिथूनच आला असणार असं कुणालाही वाटावं. पण नाही. दोन्ही शब्दांची मुळं वेगवेगळी आहेत. एकमेकांसारखे ऐकू येतात म्हणून ते जवळ आले, इतकंच. बाबेल म्हणजे बॅबिलॉन शहर, आणि त्याचं जुनं नाव 'बाब-इलू', अर्थ 'देवाचं दार'. गोष्टीत मात्र त्याचा संबंध हिब्रू भाषेतल्या 'बालाल' या क्रियापदाशी जोडलाय, म्हणजे कालवणे, मिसळून टाकणे. आवाजावरून शब्दाचा अर्थ लावायची माणसाची हौस किती जुनी आहे बघा!

आणि ही गोष्ट मूळ हिब्रूतून मराठीत आणण्याचं काम कुठे झालं, सांगू? इथे. आमच्या केडगावात!

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं, आणि मग केडगावला जमीन घेऊन १८९८ साली मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात, प्लेगात उघड्यावर पडलेल्या शेकडो बायका-मुलींना इथे आसरा मिळाला. रमाबाईंचं संस्कृत असं होतं की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या होत्या अवघ्या वीस वर्षांच्या! पुढे केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. कुणासाठी? तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने भाषांतरात अवघड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. आश्रमातच छापखाना होता. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं तिथल्या बायका-मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडलं. ही माहिती मी वर्गात सांगितली तेव्हा पोरं मला म्हणाली, "बाई, रोज मिशनच्या भिंतीवरून जातो आम्ही!" जातो खरे आपण.

आता पुन्हा बडबडीकडे. बा-बा या आवाजातून निघालेले सगळेच शब्द बॅबलसारखे हसरे नाहीत. काहींनी माणसांना रडवलं आहे.

लॅटिन भाषेत 'बाल्बुस' म्हणजे तोतरा, अडखळत बोलणारा. तो शब्द स्पॅनिश भाषेत गेला आणि झाला 'बोबो'. पण अर्थ बदलला! बोबो म्हणजे मूर्ख. बोलताना अडखळतो, म्हणजे डोक्यानेही कमी असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. (वर्गातल्या तोतऱ्या मुलाला गणित सगळ्यांच्या आधी सुटलेलं मी किती वेळा पाहिलंय म्हणून सांगू!) पुढे स्पॅनिश खलाशांना बेटांवर मोठाले समुद्रपक्षी भेटले. माणूस जवळ आला तरी ते उडायचे नाहीत, सहज हाती लागायचे. खलाशांनी त्यांनाही म्हटलं बोबो. त्यावरून इंग्रजीत त्या पक्ष्याचं नाव पडलं 'बूबी'. पावसाळी वादळात भरकटून हा पक्षी कधीमधी आपल्या कोकण किनाऱ्यावरही येऊन पडतो. तोतऱ्या माणसाची टिंगल पक्ष्याच्या नावात जाऊन बसली ती अशी.

दुसरा शब्द 'बर्बर'. तो संस्कृतात आहे आणि ग्रीकमध्ये आहे 'बार्बारोस'. ग्रीकांना आपली भाषा सोडून दुसरी भाषा ऐकली की नुसतं 'बर-बर-बर' ऐकू यायचं. म्हणून जो ग्रीक बोलत नाही तो बार्बारोस. आधी अर्थ एवढाच होता. हळूहळू तो रानटी, क्रूर असा झाला. संस्कृत 'बर्बर'चे अर्थही असेच, एकीकडे अडखळत बोलणारा, दुसरीकडे परका, रानटी. आज आपण वर्तमानपत्रात 'बर्बर हल्ला' वाचतो तेव्हा त्यात कुणाच्या तरी बोलण्याची नक्कल लपली आहे हे लक्षातही येत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या लोकसमूहाला जग 'बर्बर' याच नावाने ओळखत आलं. त्यांना विचाराल तर ते स्वतःला 'इमाझिघेन' म्हणतात. नाव त्यांचं, पण लावलं दुसऱ्यांनी, तेही भाषा कळली नाही म्हणून!

आपल्याकडचा 'म्लेच्छ' हा शब्दही त्याच जातीचा. मूळ धातूचा अर्थ अस्पष्ट, अशुद्ध बोलणे. पतंजलींच्या महाभाष्यात उल्लेख आहे की असुर युद्धात शत्रूंना 'हे अरयः' असं म्हणण्याऐवजी 'हेलयः' म्हणाले, आणि म्हणून हरले. र च्या जागी ल म्हटला, बस्स! आता एक सांगा, तुमच्या घरातलं धाकटं भावंडं 'रामराम'ला 'लामलाम' म्हणत असेल, तर ते असुर का?

यावरून आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगते. आमच्या भागात ऊस पुष्कळ. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली मुलं काही महिने आमच्या शाळेत बसतात. एके वर्षी एक मुलगी आली, बंजारा समाजातली. घरी त्यांची गोरमाटी बोली. पहिले आठ दिवस ती गप्प. नवव्या दिवशी मी विचारलं, घरी कोण कोण असतं गं? ती म्हणाली, "मारी याडी." सगळा वर्ग खो-खो हसला. का, ते तुमच्याही लक्षात आलं असेल. आपल्याकडे गावाकडच्या बोलीत 'याडी' म्हणजे वेडी! पोरांना वाटलं, ही कुणाला तरी वेडी म्हणतेय. एक जण तर मागून ओरडला, "काय बरळतीया!"

गोरमाटीत 'याडी' म्हणजे आई.

मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, याडी आणि आई. हसणं थांबलं. मग तिलाच खडू दिला. तिने लिहिलं 'बाटी', आणि पुढे 'भाकरी'. मधल्या सुट्टीपर्यंत अर्धा फळा भरला होता. मागून ओरडणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी वहीत बारा शब्द उतरवून घेऊन आला, आणि 'बाटी'चा उच्चार चुकला म्हणून तिच्याकडून चांगलाच ओरडाही खाल्ला त्याने. मार्च संपता संपता पट्टा पडला, टोळी गावी परत गेली. फळ्यावरचे शब्द तर कधीच पुसले होते, पण वर्गात कुणाला डबा उघडताना 'बाटी' म्हणायची सवय राहिली ती राहिलीच.

बरं, माणसाच्या बोलण्याचं असं, मग पक्ष्यांच्या बोलण्याचं काय विचारता! आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. मे महिना सरत आला की पावशा ओरडतो. शेतकऱ्याला ऐकू येतं 'पेरते व्हा, पेरते व्हा'. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो. आणि उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबाला तो 'ब्रेन फीवर, ब्रेन फीवर' म्हणताना ऐकू आला, म्हणजे डोक्यात गेलेला ताप! नावच पडलं ते. टिटवी आपल्याकडे 'टिटिव टिटिव' करते. इंग्रजांना ती विचारते 'डिड ही डू इट?', त्यानेच केलं का ते? भांडण लावणारी वाटली असेल त्यांना.

शिवाय इंग्रजीत बॅबलर एकटाच बडबड्या नाही. 'चॅट' नावाचे छोटे पक्षी आहेत. दगडावर दगड आपटल्यासारखा 'चॅक-चॅक' आवाज करतात म्हणून ते नाव. हाच चॅट शब्द गप्पांनाही. मोबाइलवर ताई-दादा तासन् तास चॅट करतात ना, तोच. आणि मराठीत या पक्ष्याला काय म्हणतात माहीत आहे? गप्पीदास! ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. शेताच्या कडेला तारेवर किंवा ताटाच्या शेंड्यावर बसून शेपटी उडवत असतो, बघा.

आता खरा प्रश्न. सातभाई जे काही बोलतात, ती नुसती बडबड आहे का?

थोडा वेळ शांत बसून बघा. घोळका खाली किडे टिपत असतो तेव्हा बऱ्याचदा एक जण उंच फांदीवर बसलेला दिसेल. तो खात नाही, इकडे तिकडे मान फिरवत राहतो. हा राखणदार. शिक्रा दिसला, मांजर दिसलं की त्याने आवाज दिला आणि सगळे जाळीत! काही वेळाने दुसरा वर येतो, पहिला खाली चरायला उतरतो. पिल्लं झाली की फक्त आईबापच नाही, घोळक्यातले बाकीचेही त्यांना भरवतात. पावशा आणि चातक या गोष्टीचा बरोबर फायदा घेतात. ते आपली अंडी सातभाईच्या घरट्यात टाकतात, आणि अख्खं कुटुंब त्या परक्या पिल्लाला वाढवत बसतं. म्हणजे 'पेरते व्हा' सांगणारा तो पावशा सातभाईच्या घरचं खाऊन मोठा झालेला असतो! एवढ्या मोठ्या घरात बोलल्याशिवाय कसं चालायचं? एकत्र कुटुंबातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात एक पक्षी आहे, त्याचंही इंग्रजी नाव बॅबलरच, तांबड्या टोपीचा बॅबलर म्हणू या. तो आपल्या सातभाईचा सख्खा नातेवाईक नाही. पण राहणी तशीच, घोळक्याची आणि कालव्याची. २०१५ साली इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या आवाजांचा अभ्यास छापला. त्यांना दिसलं ते असं. या पक्ष्याजवळ दोन छोटे आवाज आहेत, एक आणि दोन म्हणू. सुटे घेतले तर त्यांना काही अर्थ नाही. पण उडताना तो 'एक-दोन' असा आवाज काढतो, आणि घरट्यात पिल्लांना भरवायला आला की 'दोन-एक-दोन' असा. शास्त्रज्ञांनी हे आवाज रेकॉर्ड करून पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना ऐकवले. 'एक-दोन' ऐकल्यावर पक्षी बाहेर बघायला लागले, कुणी उडत येतंय का म्हणून. 'दोन-एक-दोन' ऐकल्यावर ते घरट्याकडे बघायला लागले!

तुम्हांला हे मराठीत करून दाखवते. 'र' घ्या, 'स' घ्या. सुट्या अक्षरांना इथे काही अर्थ नाही. 'र-स' जोडलं, रस झाला. पुढे आणखी एक स लावला, 'स-र-स', सरस झालं! तीच दोन अक्षरं, पण अर्थ दुसराच. पुढे कितीही मोठी पुस्तकं वाचलीत तरी तिथे युक्ती हीच असते. बिनअर्थाचे आवाज जोडून अर्थ तयार करायची ही युक्ती फक्त माणसाला जमते असं समजत होते. आणि ती सापडली कुणाकडे? ज्याचं नावच बडबड्या ठेवलं होतं त्याच्याकडे! आपल्या सातभाईच्या 'के-के-के'मध्ये काय काय आहे, ते शोधून काढायला तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी वही-पेन्सिल घेऊन बाभळीखाली बसा.

बाळाच्या बडबडीचंही तसंच. ती फुकट नसते. त्यातूनच जीभ आणि ओठ तयार होतात. चार्ल्स डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिलंय की गाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लाचं पहिलं ओबडधोबड गाणं म्हणजे बाळाच्या बोबड्या बोलण्यासारखंच आहे. आणि याहून नवल म्हणजे १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि ज्यांच्या घरात खुणांची भाषा चालते, अशी बाळं हातांनी बडबडतात! बोटांचे तेच तेच अर्धवट आकार पुन्हा पुन्हा करून बघतात. आवाज नाही, पण 'बाबाबा' चालूच.

जाता जाता बॅबलरची आणखी एक गोष्ट, आणि ती पुन्हा आमच्या केडगावात आणून सोडते.

१६११ साली छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये 'बॅबलर' हा शब्द एके ठिकाणी येतो. पौल नावाचा धर्मप्रचारक अथेन्स शहरात जातो, बाजारपेठेत लोकांशी बोलायला लागतो. तिथले तत्त्वज्ञ त्याला हिणवून म्हणतात, हा बडबड्या काय सांगतोय? इंग्रजीत तिथे बॅबलर आहे. पण मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो ऐका, 'स्पेर्मोलोगोस'. म्हणजे दाणे टिपणारा! तो चक्क पक्ष्याचा शब्द आहे. इ.स.पूर्व ४१४ मध्ये अथेन्सला अरिस्टोफनीसचं 'पक्षी' नावाचं गमतीदार नाटक झालं, त्यात दाणे टिपणाऱ्या पाखरांसाठी हाच शब्द वापरला आहे. पुढे तो बाजारात सांडलेलं वेचून खाणाऱ्या माणसाला लावला गेला, आणि मग इकडचं तिकडचं ऐकीव बोलणं वेचून स्वतःचं म्हणून सांगणाऱ्याला. म्हणजे इंग्रजीत बडबड्या माणसाचं नाव पक्ष्याला मिळालं, आणि ग्रीकमध्ये पक्ष्याचं नाव बडबड्या माणसाला!

रमाबाईंनी भाषांतर मूळ ग्रीकवरून केलं. तेव्हा हा शब्द कधी ना कधी त्यांच्यासमोर आलाच. बाहेर बाभळीवर सातभाई असतीलच. मराठीत तर शब्दांची नुसती रास, बडबड्या, वाचाळ, तोंडाळ, बाताड्या, चऱ्हाट लावणारा. त्यातून एकच निवडायचा, तोही साध्या बाईला कळेल असा आणि पाखराची आठवण राहील असा. तुम्ही त्यांच्या जागी असता तर कुठला शब्द घातला असता? माझ्या वर्गातून 'दाणेटिप्या' आला आहे, आणि एका मुलीने 'चोचबोल्या' सुचवला आहे. तुमचा शब्द पोस्टकार्डावर लिहून पाठवा. त्याच कार्डावर तुमच्या गावाकडे सातभाईला काय म्हणतात, आणि मोजल्यावर घोळक्यात किती भरले, तेही लिहा.